कुंडींतील अंजीर : कुंडी केवढी असावी ?



वड, पिंपळ आणि उंबर हीं झाडें आपल्यापैकीं कोणास ठाऊक नाहींत ? जुन्या वाड्याच्या भिंतीच्या फटींत पिंपळाचें रोप उगवतें. त्यास कोणी माती घालीत नाहीं, कोणी पाणी घालीत नाहीं, तरी तें वाढतें आणि अखेर भिंतीचे दगड हलवितें. अंजीर हें ह्या पिंपळाचेंच भावंड. वनस्पतिशास्त्रज्ञ ह्या सर्व झाडांस ‘फायकस’ हें एकच गोत्रनाम देतात, आणि आपल्या खाण्यांतल्या अंजिरास ‘फायकस कॅरिका’ असें म्हणतात.

हें नातें ठाऊक असलेल्या कित्येकांचा असा समज होतो कीं, अंजिरास कुंडी कसलीही व केवढीही चालेल. दुसरे कित्येक ह्याच्या नेमका उलट विचार करितात. झाड पुढें मोठें होणार, तेव्हां पहिल्या दिवसापासूनच मोठ्यांत मोठी कुंडी द्यावी, म्हणजे ती पुनः पुनः बदलण्याची यातायात नको, असें त्यांस वाटतें. हे दोन्ही समज झाडाच्या मुळावर येणारे आहेत. शहरांत आज जमिनीचा तुकडा दुर्मिळ झाला असून गच्ची किंवा सज्जा हेंच पुष्कळांचें अंगण झालें आहे. तेथें अंजीर लावणाऱ्या कुटुंबाची दोन-तीन वर्षांची मेहनत फळास येईल कीं वायां जाईल, हें पुष्कळ अंशीं कुंडीच्या मापावर ठरतें. शिवाय गच्चीवर किती ओझें चढवावें हा प्रश्न केवळ झाडाचा नसून घराचा आणि घरांतील माणसांचाही आहे. म्हणून आज ह्या एकाच गोष्टीचा थोडा सविस्तर विचार करूं.

प्रथम अंजिराचा स्वभाव पाहूं. महाराष्ट्रांत अंजीर म्हटलें कीं पुणें जिल्ह्यांतील पुरंदर तालुक्याचें नांव निघतें. तेथील अंजिरास २०१६ सालीं भौगोलिक निर्देशांकही मिळाला. सासवडच्या आसपासचा हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला : पाऊस बेताचा, हवा कोरडी, आणि जमीन पाणी धरून न बसणारी. अंजिरास जें रुचतें तें ह्या वर्णनांत सर्व आलें. त्यास पाणी हवें असतें, परंतु तुंबलेलें पाणी त्यास खपत नाहीं. आपल्या शेतकऱ्यांच्या भाषेंत ह्यास फार समर्पक शब्द आहे, तो म्हणजे ‘वाफसा’. मातीच्या कणांस ओल चिकटलेली आहे, पण कणांमधल्या पोकळ्यांत हवा खेळत आहे, अशी जी स्थिति ती वाफसा. मुळें श्वासोच्छ्वास करितात. त्यांस प्राणवायु लागतो. पोकळ्या पाण्यानें भरून राहिल्या तर मूळ गुदमरतें, आणि गुदमरलेल्या मुळावर कुजविणारी बुरशी चढाई करिते. तेव्हां कुंडीचें माप ठरविणें म्हणजे त्या कुंडींत वाफसा कसा टिकेल हें ठरविणें होय.

आतां जमीन आणि कुंडी ह्यांत एक महत्त्वाचा भेद आहे. जमिनींत वरचें पाणी खालीं खालीं ओढलें जातें. कुंडीला मात्र बूड आहे. भोंकांतून पाणी ठिबकणें थांबलें म्हणजे कुंडी निथळली असें आपणांस वाटतें. पण वस्तुतः बुडाशीं मातीचा एक थर पाण्यानें पूर्ण भरलेलाच राहतो. ह्याचा पडताळा घरीं घेतां येईल. स्वयंपाकघरांतला एक लांबट स्पंज पाण्यांत बुडवून आडवा धरा. ठिबकणें थांबलें कीं तोच स्पंज उभा करा. लगेच आणखी पाणी गळूं लागेल. स्पंज तोच, भोंकें तींच. केवळ उंची वाढली म्हणून अधिक पाणी निथळलें. कुंडींतील मातीचेंही असेंच आहे. बुडाशीं राहणाऱ्या ह्या चिंब थराची जाडी मातीच्या पोतावर अवलंबून असते, कुंडीच्या आकारमानावर नव्हे. माती चिकट व बारीक असेल तर थर जाड, भुसभुशीत व भरड असेल तर पातळ. अर्थात् उथळ कुंडींत मातीचा मोठा हिस्सा ह्या चिंब थरांतच जातो, आणि खोल कुंडींत मुळांस वाफशाची जागा अधिक मिळते. म्हणून अंजिरासाठीं पसरट परळासारखी कुंडी घेऊं नये. जितकी रुंद तितकीच खोल असलेली घ्यावी.

ह्याच ओघांत एका जुन्या रिवाजाविषयीं सांगणें अवश्य आहे. निचरा व्हावा म्हणून कुंडीच्या तळाशीं चार बोटें खडी किंवा विटांचे तुकडे भरण्याची चाल सर्वत्र आहे. परंतु बारीक मातींतील पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजीं उतरत नाहीं. तें खडीच्या वरच मातींत अडून राहतें. परिणामीं चिंब थर नाहींसा न होतां तेवढाच वर सरकतो, आणि मुळांची जागा मात्र कमी होते. भोंकावर माती वाहून जाऊं नये एवढ्यापुरती एखादी खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरे. निचरा हवा असेल तर तो सबंध मातींतच आणला पाहिजे. चांगली पोयट्याची माती, पूर्ण कुजलेलें शेणखत किंवा पालापाचोळ्याचें खत, आणि भरड वाळू, विटांचा चुरा अथवा नारळाच्या काथ्याचा भुसा ह्यांचें मिश्रण हातांत दाबलें असतां त्याचा गोळा व्हावा, पण बोटानें टोचतांच तो फुटावा, अशी त्याची परीक्षा आहे.

एवढें समजल्यावर लहान रोपास मोठी कुंडी कां मानवत नाहीं हें सहज ध्यानांत येईल. कुंडींतील पाणी दोन वाटांनीं जातें : थोडें पृष्ठभागावरून वाळतें आणि पुष्कळसें मुळें शोषून पानांवाटे उडवितात. वीतभर रोपाचीं मुळें मूठभर मातीपुरतीं पसरलेलीं असतात. त्याच्याभोंवतीं घमेल्यांनीं माती असली तर त्या मातींतलें पाणी ओढून घेणारें कोणीच नसतें. वरची माती कोरडी दिसते, म्हणून आपण आणखी पाणी घालतों. आंतली माती आठ-आठ दिवस चिंब राहते. मुळें बाहेर पसरावयास निघतात तीं ह्या हवा नसलेल्या चिखलांत शिरतात आणि कुजतात. रोप मलूल दिसूं लागतें, आपणांस तें तहानेलें वाटतें, आणि आपण पुनः पाणी घालतों. अशा रीतीनें मायेच्या पोटींच रोपाचा घात होतो.

उलट, फार लहान कुंडींत झाड फार दिवस ठेवणें हेंही वाईटच. अंजिराचीं मुळें जोमदार असतात. वाट संपली कीं तीं कुंडीच्या भिंतीलगत गोल गोल फिरूं लागतात आणि थोड्याच काळांत मातीपेक्षां मुळांचेंच वेटोळें अधिक होतें. मग घातलेलें पाणी कडेनें सरळ भोंकांतून निघून जातें आणि आंतला गोळा कोरडाच राहतो. आपलें अंजीर फळतें तें मुख्यतः नव्या फुटीवर, पानांच्या बगलेंत. मुळें कोंडून फूट खुंटली म्हणजे नवीं पानें थोडीं, आणि पानें थोडीं म्हणजे फळेंही थोडीं. त्यांतून पाण्याची आबाळ झाली तर सुपारीएवढीं झालेलीं फळें गळून पडतात. आणि फार सुकल्यावर एकदम भरपूर पाणी दिलें तर पिकूं लागलेलीं फळें तडकतात.

तथापि मुळांस थोडासा आवर असावा, हेंही तितकेंच खरें. इंग्लंडांत अंजीर जमिनींत लावतांनासुद्धां खड्ड्याच्या चारी बाजू दगडी फरशांनीं किंवा विटांनीं बांधून काढण्याची जुनी चाल आहे. मुळें मोकाट सुटलीं तर झाड पाल्यानेंच माजतें आणि फळ धरण्यास उशीर लावतें, असा तेथील माळ्यांचा अनुभव. कुंडी हें काम आपोआपच करिते. म्हणून कुंडींतील अंजिरास ‘पुरेशी जागा’ ह्याचा अर्थ ‘अमर्याद जागा’ असा नव्हे.

आतां मापांकडे वळूं. कुंडी विकणारा कुंडीच्या तोंडाची रुंदी इंचांत सांगतो. पण झाडास रुंदीशीं कर्तव्य नाहीं, त्याला मातीच्या घनफळाशीं कर्तव्य आहे. रुंदी आणि उंची दोन्ही दुप्पट झाल्या म्हणजे घनफळ दुप्पट होत नाहीं, आठपट होतें. बुडाकडे निमुळती होत जाणारी, रुंदीइतक्याच उंचीची नेहमींची कुंडी घेतली, तर ६ इंची कुंडींत सुमारें २ लिटर माती मावते. ८ इंचींत ५ लिटर. १२ इंचींत १६ लिटर. १६ इंचींत ३९ लिटर. आणि १८ इंचींत ५५ लिटर. सहा इंचींतलें रोप एकदम अठरा इंचींत घातलें तर आपण त्याची जागा तिप्पट केली असें डोळ्यांस वाटतें. प्रत्यक्षांत ती सत्तावीसपट झालेली असते!

म्हणून साधा नियम असा : लहान रोपास नवी कुंडी देतांना त्याच्या मुळांच्या गोळ्याभोंवतीं चोहोंकडून एक इंच, आणि मोठ्या झाडास दोन इंच नवी माती बसेल एवढीच कुंडी वाढवावी. छाटकलमास मुळें फुटेपर्यंत चार-पांच इंची कुंडी किंवा लिटरभर मातीची पिशवी पुरे. पुढें सहा इंची, मग आठ, मग बारा, मग सोळा इंची, अशा पायऱ्या घ्याव्या. एक पायरी केव्हां चढावी हें पंचांगावरून ठरवूं नये, मुळांवरून ठरवावें. रोपास आदल्या दिवशीं पाणी द्यावें. दुसऱ्या दिवशीं कुंडी उपडी करून, खोड दोन बोटांमध्यें धरून, कांठ हळूच ठोकावा. गोळा अखंड बाहेर आला आणि त्याच्या कडेस पांढरीं मुळें सर्वत्र दिसलीं तर वेळ झाली. माती सुटून पडली तर रोप अजून तेथेंच सुखी आहे असें समजून परत ठेवावें. हवा उबदार व माती उत्तम निचऱ्याची असली तर अंजीर झपाट्यानें मुळें टाकतें, आणि अशा वेळीं अनुभवी माणसानें एखादी पायरी गाळली तरी चालतें. नवख्यानें मात्र पायरीपायरीनेंच जावें.

शेवटची कुंडी केवढी असावी ? घरगुती झाड माणसाच्या उंचीइतकें ठेवून त्यापासून नेमानें फळें घ्यावयाचीं असतील, तर १६ ते १८ इंची, म्हणजे ४० ते ५५ लिटर मातीची कुंडी बेताची होय. बारा इंची कुंडींतही फळें येतात. पण १६ लिटर मातींत झाडास उपयोगी पडेल असें पाणी साधारणतः तीन-चार लिटरच राहतें. पूर्ण पानांवर आलेलें झाड चैत्र-वैशाखाच्या उन्हांत तें पाहतां पाहतां संपवितें. घरांतील सर्व माणसें दिवसभर बाहेर असतील, किंवा सुटींत आठ दिवस गांवीं जाण्याचा शिरस्ता असेल, तर बारा इंची कुंडीवर भिस्त ठेवूं नये.

ह्याहून मोठी, उदाहरणार्थ दोनशे लिटरच्या पिंपाचें अर्धे भाग करून केलेली कुंडी घेणारेही आहेत. तींत झाड खरोखर सुखानें राहतें. परंतु येथें वजनाचा विचार आडवा येतो. भिजलेली बागेची माती लिटरला पावणेदोन किलोच्या आसपास भरते. म्हणजे अठरा इंची कुंडींतील ओली माती शंभर किलोच्या घरांत जाते, आणि अर्ध्या पिंपांतली पावणेदोनशे किलोच्या. कुंडीचें व झाडाचें वजन निराळेंच. इमारतींवरील भारासंबंधीं जें भारतीय मानक ८७५ आहे, त्याच्या १९८७ च्या दुसऱ्या भागांत राहत्या घराच्या वावर असलेल्या सपाट गच्चीसाठीं दर चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे सुमारें दीडशे किलो, इतका भार हिशोबांत धरला आहे; सज्जासाठीं त्याच्या दुप्पट. हा हिशोब सुस्थितींतील बांधकामाचा. जुन्या, गळक्या किंवा गंजलेल्या सळ्यांच्या इमारतींत तेवढाही भरंवसा धरूं नये. पांच-सहा मोठ्या कुंड्या गच्चीच्या मधोमध एकत्र मांडणें धोक्याचें आहे; त्या भिंतींच्या किंवा तुळयांच्या वर, एकमेकींपासून दूर ठेवाव्या. मोठी बाग करावयाची असेल तर बांधकामाच्या जाणत्या अभियंत्यास आधीं विचारावें. काथ्याचा भुसा अधिक असलेलें हलकें मिश्रण वापरल्यास ओझें बरेंच उतरतें. सज्जाच्या कठड्यावर तर अंजिराची कुंडी कधींच ठेवूं नये. रुंद पानांचें हें झाड वाऱ्यानें शिडासारखें ओढलें जातें.

कुंडी कशाची असावी, ह्याचाही मापाशीं संबंध आहे. भाजलेल्या मातीची कुंडी आपल्या अंगांतून ओल बाहेर टाकते. त्यामुळें मुळें थंड राहतात व वाफसा लवकर येतो, पण पाणी वरचेवर लागतें. प्लास्टिकची कुंडी हलकी असते आणि पाणी धरून ठेवते. म्हणून तिचें माप निवडतांना मोठेपणाचा मोह अधिकच आवरावा. काळ्या प्लास्टिकवर दुपारचें पश्चिमेचें ऊन पडलें तर त्या बाजूचीं मुळें अक्षरशः भाजून निघतात. तीस पांढरा रंग द्यावा किंवा पुढें दुसऱ्या लहान कुंड्यांचा आडोसा करावा. जाड कापडाच्या पिशव्याही आतां मिळतात. त्यांच्या कडेशीं पोहोंचलेलें मूळ हवा लागून तेथेंच थांबतें व मागून नवे फांटे फुटतात. त्यामुळें मुळांचें वेटोळें होत नाहीं. मात्र त्या चारी अंगांनीं सुकतात, म्हणून पाण्याची हयगय करणाऱ्यांनीं त्यांच्या वाटेस जाऊं नये. गळ्याशीं अरुंद आणि पोटांत फुगीर अशी शोभेची कुंडी कोणत्याही जिनसाची असली तरी टाळावी. तींतून वाढलेलें झाड कुंडी फोडल्यावांचून बाहेर काढतां येत नाहीं.

गांव कोणतें, हेंही पाहिलें पाहिजे. मुंबईस वर्षाकाठीं दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पुण्यास त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा. मुंबई, कोंकण व गोवें येथें उघड्यावर ठेवलेली मोठी कुंडी आषाढ-श्रावणांत आठवडेच्या आठवडे चिंब राहते. तेथें एक पायरी लहान कुंडी, अधिक भरड माती, आणि पावसाळ्यांत छपराचा आडोसा हीच त्रिसूत्री ठेवावी. नागपूर, जळगांव किंवा सोलापूर येथील उन्हाळ्यांत मात्र लहान कुंडी टिकाव धरीत नाहीं. तेथें शेवटची कुंडी अठरा इंची असणें बरें. कोठेंही असलें तरी कुंडी ताटलींत सांचलेल्या पाण्यांत बसूं नये. खालीं तीन विटा लावून ती उचलून धरावी.

शेवटची कुंडी दिल्यावर पुढें काय ? मुळें तर वाढतच राहणार. येथें कुंडी वाढविण्याऐवजीं मुळें छाटण्याची युक्ति कामास येते. दर दोन-तीन वर्षांनीं, फळांचा हंगाम संपून नवी फूट येण्यापूर्वीं, गोळा बाहेर काढावा. धारदार सुरीनें किंवा करवतीनें त्याच्या कडेचा व बुडाचा दीड-दोन इंच भाग कापून टाकावा आणि त्या जागीं नवी माती भरून झाड त्याच कुंडींत बसवावें. मुळें कमी केलीं त्या मानानें फांद्याही आंखुड कराव्या, आणि दहा-पंधरा दिवस झाड सावलींत ठेवावें. भर उन्हाळ्यांत हें काम करूं नये. अंजिराचा पांढरा चीक अंगास लागून वर ऊन लागलें तर कातडीस फोड येतात. म्हणून हातमोजे घालावे आणि मुलांस दूर ठेवावें.

राहतां राहिली एक शंका. अंजीर फळत नाहीं तें परागण घडविणारी चिलटें शहरांत नाहींत म्हणून, असें कांहीं जण सांगतात. स्मर्ना जातीच्या अंजिरास त्या चिलटांची गरज असते, हें खरें. पण आपल्याकडे लावलें जाणारें पुणेरी अंजीर परागणावांचूनच फळतें. तें फळत नसेल तर चिलटांस दोष न देतां प्रथम ऊन पुरेसें मिळतें कीं नाहीं तें पाहावें आणि मग कुंडी तपासावी. पाणी घातल्यावर कुंडी चार-पांच दिवस जड राहत असेल, मातीस आंबूस वास येत असेल आणि खालचीं पानें पिवळीं पडत असतील, तर कुंडी झाडास मोठी होत आहे. झाड काढून, कुजलेलीं मुळें कापून, तें लहान कुंडींत व ताज्या मातींत लावावें. सकाळीं पाणी घालूनही दुपारीं झाड माना टाकीत असेल, पाणी घातल्याबरोबर भोंकांतून धांवत असेल आणि भोंकांतून मुळें डोकावत असतील, तर कुंडी लहान पडत आहे. दोन्ही प्रकारांत पानें मलूलच दिसतात. परंतु एकास पाणी हवें असतें आणि दुसऱ्याचा पाण्यानेंच जीव चालला असतो. म्हणून हातांत झारी घेण्यापूर्वीं बोट दोन इंच मातींत खुपसून पाहावें. तेवढ्या एका संवयीनें पुष्कळ झाडें वांचतील.